पालापाचोळ्याचे संकलन आणि खतनिर्मिती : नागरी केंद्राची कार्यपद्धती

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• पालापाचोळा जाळल्यामुळे होणारी हानी कारणांसह सांगता येईल.
• पान कुजण्याच्या प्रक्रियेतील कर्ब, नत्र, ओलावा आणि हवा यांचे कार्य स्पष्ट करता येईल.
• प्रभाग पातळीवरील पालापाचोळा केंद्राची रचना व दैनंदिन कामकाज यांचे वर्णन करता येईल.
• पानगळीच्या हंगामाचा आणि वर्षभराच्या गरजेचा मेळ कसा घालावा, हे उदाहरणाने दाखवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माघ-फाल्गुनातील एखादी पहाट आठवून पाहा. रस्त्याच्या कडेने खराट्याचा आवाज येत असतो. पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, पिंपळ, बदाम यांची रात्रभर गळलेली पाने झाडाच्या बुंध्याशी गोळा होतात. थोड्याच वेळात त्या ढिगाला काडी लागते. धूर जमिनीलगत पसरतो आणि रस्ता 'स्वच्छ' झाला असे आपण समजतो. तुमच्यापैकी काही जण नगरपालिकेत नोकरी करीत असतील, काही जणी बचत गटाचे काम पाहत असतील, तर काहींची शेती असेल. हे दृश्य मात्र सर्वांच्याच परिचयाचे आहे.

येथे एक प्रश्न स्वतःला विचारा. ती काडी कोण लावतो आणि का लावतो? पुष्कळदा सफाई कर्मचाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु गोळा केलेली पाने ठेवायला जागा नाही, ती न्यायला वेगळी गाडी येत नाही आणि दुपारपर्यंत वाऱ्याने रस्ता पुन्हा भरला तर बोलणी त्यालाच बसतात. अशा स्थितीत जाळणे हा त्याच्यापुढचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. त्या धुराचा पहिला घोट मात्र त्याच्याच छातीत जातो. म्हणून पाने जाळण्याचा प्रश्न केवळ सवयीचा नाही, तो व्यवस्थेच्या अभावाचा आहे. ही व्यवस्था कशी उभी करावी आणि कशी चालवावी, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

२. जाळण्याने काय होते?

वाळलेली पाने दिसायला कोरडी असली, तरी ढिगाच्या आतील भाग दमट असतो. त्यामुळे ती भडकून जळत नाहीत, धुमसत राहतात. अपुऱ्या हवेत धुमसणाऱ्या ढिगातून कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. हे कण फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतात. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर चढत नसल्याने धूर तेथेच कोंडतो. ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या वा गुटख्याच्या पुड्या असतील, तर त्यात विषारी वायूंची भर पडते.

दुसरी हानी मातीची आहे. पान जळले की त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत निघून जाते. राखेत पालाश, स्फुरद, चुना असे घटक उरतात, पण मातीला भुसभुशीत ठेवणारा आणि पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय भाग नष्ट होतो. कोकणातील विद्यार्थी येथे राबाची आठवण काढतील. भाताच्या रोपवाटिकेसाठी जमिनीवर शेण, कवळ, पातेरा अंथरून राब भाजण्याची रीत जुनी आहे. तिच्यामागे तणांचे बी मारण्याचा आणि रोपाला राखेचा लाभ देण्याचा विशिष्ट शेतीविषयक हेतू असतो. शहराच्या रस्त्यावर पाने जाळण्यामागे असा कोणताही हेतू नसतो. तेथे केवळ वस्तू नजरेआड करायची असते. म्हणून या दोहोंची तुलना करणे योग्य नाही.

तिसरी बाजू कायद्याची. केंद्र शासनाने ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत नागरिकांनी कचरा जाळू नये असे बंधन घातले गेले. सफाई कर्मचाऱ्यांना झाडलेली पाने जाळू न देण्याची, ती वेगळी साठवून अधिकृत संकलकाकडे सोपवण्याची सूचना देणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले. उद्यानांतील कचऱ्यावर शक्यतो उद्यानातच प्रक्रिया करावी, असेही त्यात सांगितले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला.

पाने जाळली नाहीत, तर ती अनेकदा मिश्र कचऱ्यात टाकली जातात आणि कचरा डेपोत पोहोचतात. पुण्याच्या कचऱ्याचा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी कित्येक वर्षे सोसला. मुंबईतील देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीच्या धुराने आसपासची वस्ती हैराण झाली होती. आपल्या दारातले पान दुसऱ्याच्या गावी पाठवणे हा उपाय नव्हे, ती केवळ प्रश्नाची बदली होय.

३. पान कुजते कसे?

पान कुजवण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. त्यांना शक्तीसाठी कर्ब आणि शरीरवाढीसाठी नत्र लागते. कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे २५ ते ३० भागांस १ भाग असेल, तर हे काम वेगाने चालते. यालाच 'कर्ब-नत्र गुणोत्तर' म्हणतात. वाळलेल्या पानांत हे गुणोत्तर साधारणतः ४० ते ८० इतके असते. म्हणजे कर्ब भरपूर, नत्र कमी. शिवाय पानात लिग्निन नावाचा चिवट घटक असतो. तो मुख्यतः बुरशीच सावकाश फोडू शकते. नुसत्या पानांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, याचे कारण हे आहे.

याउलट स्वयंपाकघरातील ओला कचरा, ताजे गवत, शेण यांत नत्र अधिक असते. एक सोपे गणित करून पाहू. १०० किलो वाळलेल्या पानांत ४५ किलो कर्ब आणि ०.७५ किलो नत्र आहे असे धरा. गुणोत्तर झाले ६०. आता त्यात २५० किलो ओला कचरा मिसळला. त्यातील तीन-चतुर्थांश पाणी वगळता उरलेल्या घन भागात सुमारे २८ किलो कर्ब आणि १.५ किलो नत्र मानले, तर एकूण कर्ब ७३ किलो आणि नत्र २.२५ किलो होते. नवे गुणोत्तर सुमारे ३२ येते, म्हणजे इष्ट प्रमाणाच्या अगदी जवळ. ओल्या कचऱ्यातील जादा पाणीही पाने शोषून घेतात. दोघांच्या उणिवा परस्परांनी भरून निघतात, हे या गणिताचे सार आहे.

हे तत्त्व आपल्या परिसराला नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकर संस्थानातील इंदूर येथे काम करताना खतनिर्मितीची 'इंदूर पद्धती' विकसित केली. वनस्पतींचे अवशेष, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन ठराविक काळाने ते पालटणे, हा तिचा गाभा. १९३१ मध्ये या पद्धतीवरील पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले. आजच्या नागरी केंद्रातही मिश्रण, ओलावा आणि हवा ही त्रिसूत्रीच पाळायची असते.

४. संकलन : केंद्राबाहेरचे काम

केंद्राचे यश त्याच्या फाटकाबाहेर ठरते. पालापाचोळा मुळात कचरा नसतो. काच, प्लॅस्टिक, सुया, मांजाचे तुकडे त्यात मिसळले की तो कचरा होतो आणि एकदा मिसळलेले वेगळे करणे अतिशय कष्टाचे असते. त्यामुळे संकलनात पुढील क्रम पाळावा.

पहिली पायरी म्हणजे शक्य तेथे पान हलवूच नये. उद्यानात, शाळेच्या आवारात, सोसायटीच्या बागेत झाडांच्या आळ्यांत पानांचे आच्छादन करावे. त्याने मातीतील ओल टिकते आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. पुण्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्राऊन लीफ' या नागरिकांच्या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना बागेसाठी ती हवी आहेत, अशांची गाठ घालून दिली. हा मार्गही अनुकरणीय आहे.

दुसरी पायरी दोन टप्प्यांत झाडण्याची. आधी प्लॅस्टिक, बाटल्या, पुड्या उचलून घ्याव्यात आणि मगच पाने झाडावीत. पाने भरण्यासाठी वेगळ्या रंगाची पोती द्यावीत. झाडताना रस्त्याची माती कमीत कमी येईल हे पाहावे, कारण मातीमुळे वजन वाढते आणि खतातील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण घटते.

तिसरी पायरी वेळापत्रकाची. पानगळीच्या काळात पानांसाठी स्वतंत्र गाडी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्यावर यावी. मुकादमाने आपल्या हद्दीतील झाडांची यादी करून कोणत्या रस्त्यावर कोणत्या महिन्यात किती पोती निघतात याची नोंद ठेवली, तर पुढील वर्षी गाड्यांचे नियोजन सोपे जाते. गाडी दोनदा चुकली की तिसऱ्या दिवशी काडी लागते, हे ध्यानात ठेवावे.

५. केंद्राची रचना आणि दैनंदिन काम

जागा : जागा विहीर व ओढ्यापासून दूर, किंचित उताराची आणि गाडी सहज वळेल अशी असावी. तळाला कोबा केल्यास निचऱ्याचे पाणी एका खड्ड्यात जमवून पुन्हा ढिगावर शिंपडता येते. आवक, प्रतवारी, बारीक करणे, ढीग, चाळणी आणि तयार खत यांच्या जागा ओळीने ठरवाव्यात, म्हणजे माल मागे-पुढे फिरत नाही.

आवक व प्रतवारी : प्रत्येक पोते उघडून पाहावे. फांद्या, नारळाच्या झावळ्या वेगळ्या काढाव्यात, कारण त्या कुजायला फार वेळ घेतात. खराब माल कोणत्या रस्त्यावरून आला याची नोंद करून ती त्या भागाच्या मुकादमाला कळवावी.

बारीक करणे : यंत्रातून बारीक केलेल्या पानांचा पृष्ठभाग वाढतो, ती लवकर भिजतात आणि लवकर कुजतात. यंत्र नसेल तर पाने पायाखाली तुडवून वा काठीने झोडपूनही काही प्रमाणात हे साधते.

ढीग रचणे : वाळलेल्या पानावरून पाणी ओघळून जाते. म्हणून आदल्या दिवशीच पाने भिजवून ठेवावीत. नंतर पाने, ओला कचरा वा शेणकाला आणि थोडे जुने खत एकत्र मिसळून लांबट ढीग रचावा. उंची सुमारे दीड मीटर आणि रुंदी दोन ते अडीच मीटर ठेवावी. याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही, फार उंच ढिगात तळाचा माल दबून हवा बंद होते.

ओलावा : मूठभर माल घट्ट दाबून पाहावा. एखाद-दुसरा थेंब दिसला तर ओलावा योग्य, म्हणजे ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास आहे. धार लागली तर तो जास्त आहे आणि मूठ उघडताच माल सुटा झाला तर कमी आहे.

उष्णता आणि पालटणे : योग्य ढीग काही दिवसांतच ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेने रोगजंतू आणि तणांचे बी मरते. आतला माल बाहेर आणि बाहेरचा आत यावा अशा रीतीने ढीग पालटावा, म्हणजे सगळा माल उष्णतेतून जातो आणि हवा मिळते. तापमान ओसरू लागले किंवा ६५ अंशांपुढे गेले, तर पालटण्याची वेळ झाली असे समजावे. बारीक केलेली व नीट मिसळलेली पाने साधारण तीन ते चार महिन्यांत खत होतात. नुसती अखंड पाने वर्षभरही घेऊ शकतात.

सुरक्षितता : पानांच्या ढिगात विंचू-साप असू शकतात, कोरड्या मालातून धूळ व बुरशीचे बीजाणू उडतात. हातमोजे, गमबूट आणि मुखपट्टी ही कामगारांवरील मेहेरबानी नसून कामाची प्राथमिक अट आहे. पालटण्यापूर्वी ढिगावर पाणी शिंपडावे. केंद्रात विडी-सिगारेटला मनाई असावी, साठ्याच्या ढिगांमध्ये मोकळी वाट ठेवावी आणि पाणी व वाळूची व्यवस्था हाताशी असावी.

ढिगाची लक्षणे ओळखणे हे केंद्रचालकाचे खरे कौशल्य होय :
• सडका वास येतो : पाणी जास्त, हवा कमी. कोरडी पाने मिसळून ढीग पालटावा.
• नवसागरासारखा उग्र वास येतो : नत्र जास्त. पानांचे प्रमाण वाढवावे.
• ढीग थंड आणि कोरडा, मुंग्या दिसतात : पाणी द्यावे.
• ओल योग्य, तरीही ढीग तापत नाही : नत्र कमी किंवा ढीग लहान. शेणकाला वा ओला कचरा मिसळावा, छोटे ढीग एकत्र करावेत.

६. ऋतूंचा हिशोब

अनेक केंद्रांची अडचण येथेच सुरू होते. आपल्याकडे पानगळीचा मुख्य भर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत असतो. नेमके त्याच वेळी हिरवे गवत वाळलेले असते आणि पाण्याची टंचाई जाणवू लागते. उलट पावसाळ्यात ओला कचरा पाणथळ होऊन त्याला वास येतो, तेव्हा कोरडी पाने मिळत नाहीत. म्हणजे पाने तीन महिन्यांत येतात, पण त्यांची गरज बारा महिने असते. जे केंद्र आलेली सगळी पाने लगेच 'संपवायला' बघते, ते फाल्गुनात गुदमरते आणि श्रावणात अडते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका प्रभागात तीन महिने रोज १ टन पाने येतात, म्हणजे एकूण ९० टन. एक घनमीटर सैल पानांचे वजन १०० किलो धरले, तर ९०० घनमीटर जागा हवी. दीड मीटर उंचीच्या साठ्यासाठी ती ६०० चौरस मीटर होते. पाने बारीक केल्यावर आकारमान एक-तृतीयांश झाले असे मानले, तर २०० चौरस मीटर पुरतात. आता ९० पैकी ३० टन पानांचे शेणकाल्यासह लगेच खत केले आणि ६० टन कोरडी, झाकून ठेवली. उरलेल्या नऊ महिन्यांत, म्हणजे सुमारे २७० दिवसांत, रोज २२० किलो पाने वापरता येतील. मागील भागातील प्रमाणानुसार त्यांच्यासोबत रोज सुमारे ५५० किलो ओला कचरा जिरेल. कुटुंबामागे रोज १ किलो ओला कचरा धरल्यास साडेपाचशे कुटुंबांची सोय झाली.

हे आकडे गृहीत आहेत. तुमच्या गावाचे आकडे वेगळे येतील. मात्र त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. साठवलेले पान हा पडून राहिलेला कचरा नसून वर्षभराच्या ओल्या कचऱ्यासाठी करून ठेवलेली बेगमी आहे. घरोघरी उन्हाळ्यात पावसाळ्याची बेगमी होते, तशीच ती केंद्रातही व्हावी. साठा मात्र पावसापूर्वी छपराखाली किंवा ताडपत्रीखाली गेलाच पाहिजे.

७. तयार खताची परीक्षा आणि वापर

तयार खत गडद तपकिरी, मातीचा वास असलेले आणि थंड असते. त्यात मूळ पान ओळखू येत नाही. ओलसर खत पिशवीत बंद करून काही दिवसांनी उघडले असता उग्र वास आला, तर ते कच्चे आहे. खतात मूग किंवा मेथी पेरून अंकुर नीट येतात का, तेही पाहावे. कच्चे खत जमिनीतील नत्र स्वतःच्या कुजण्यासाठी ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. शहरी कंपोस्टच्या शासकीय मानकात कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे आणि किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा, असे अपेक्षित आहे. चाळणीवर उरलेला जाडाभरडा माल टाकू नये. त्यात सूक्ष्मजीव भरपूर असल्याने तो नव्या ढिगाला विरजणासारखा उपयोगी पडतो.

या खताचे पहिले गिऱ्हाईक पालिकेचा उद्यान विभागच असावा. त्यानंतर रोपवाटिका, सोसायट्या आणि जवळचे शेतकरी. महाराष्ट्र शासनाने शहरी कंपोस्टसाठी 'हरित महासिटी कंपोस्ट' अशी नाममुद्रा निश्चित केली आहे. परंतु नाममुद्रेपेक्षा विश्वास मोठा असतो. खतात एकदा काचेचा तुकडा हाताला लागला, तर तो शेतकरी पुन्हा फिरकत नाही. फाटकाबाहेर झाडताना घेतलेल्या काळजीचे मोल अखेरीस येथे कळते.

८. सारांश

पालापाचोळा जाळल्याने हवा, माती आणि मुख्यतः सफाई कर्मचाऱ्यांचे आरोग्य यांची हानी होते. तो थांबवण्यासाठी केवळ बंदी पुरत नाही. वेगळे संकलन, वेळेवर येणारी गाडी आणि पाने स्वीकारणारे केंद्र यांची साखळी लागते. कर्ब-नत्र गुणोत्तर, ओलावा आणि हवा यांचा समतोल राखला की पानाचे उत्तम खत होते. पाने हंगामी आणि गरज वर्षभराची असल्याने साठवण हा केंद्राच्या कामाचा मध्यवर्ती भाग आहे. यंत्रे पुढे-मागे घेता येतात, नोंदवही आणि वेळापत्रक मात्र पहिल्या दिवसापासून हवे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. नुसत्या वाळलेल्या पानांचा ढीग लवकर का कुजत नाही? दोन कारणे लिहा.
२. 'पाने जाळण्याचा प्रश्न हा व्यवस्थेच्या अभावाचा आहे' या विधानाची चर्चा करा.
३. ढिगाला सडका वास येत असल्यास कोणते उपाय कराल? त्यामागील कारण सांगा.
४. रोज १५० किलो कोरडी पाने उपलब्ध असतील, तर या घटकातील प्रमाणानुसार त्यांच्यासोबत किती ओला कचरा वापरता येईल?

क्षेत्रीय कार्य

तुमच्या घराजवळील एका रस्त्याचे पानगळीच्या काळात सलग सात दिवस सकाळी निरीक्षण करा. कोणती झाडे आहेत, किती पोती पाने निघतात आणि ती पुढे कोठे जातात, याची तारीखवार नोंद ठेवा. तो रस्ता झाडणाऱ्या सफाई कर्मचारी ताई किंवा दादांशी त्यांच्या सवडीने बोला आणि पाने न जाळण्यासाठी त्यांना काय हवे आहे, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. या नोंदींवरून आपल्या प्रभाग कार्यालयास उद्देशून दोन पृष्ठांचे निवेदन तयार करा आणि अभ्यासकेंद्रात दाखवल्यानंतर ते प्रत्यक्ष सादर करा.